गोरेगावचा दरफलक

यकृत ९० हजार रुपये. मूत्रपिंड ७५ हजार. डोळे २५ हजार. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगाव परिसरातील दहा शेतकऱ्यांनी हा दरफलक काढला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना पत्र लिहून त्यांनी कळवलं, की सोयाबीन-कापूस हातचा गेला आहे, आमचे अवयव विकत घ्या आणि बँकेचं पीककर्ज वळतं करून घ्या. पुढे काही जणांनी मुंबई गाठली. चार दिवस वाहिन्यांवर गाजावाजा झाला, मग दुसऱ्या बातम्या आल्या. याच तालुक्यातल्या ताकतोडा गावानं २०१९ मध्ये अख्खं गाव विकायला काढलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं.

हे पत्र निषेधाचं नाटक होतं, हे उघड आहे. जिवंत माणसाचे डोळे काढून विकता येत नाहीत, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यातले आकडे बारकाईनं पाहावेत. तिन्हींची बेरीज १ लाख ९० हजार होते. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेची मर्यादा होती २ लाख. आत्महत्या ‘पात्र’ ठरली, तर जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाला मिळतो १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. म्हणजे जिवंत माणसाचे सुटे भाग धरले, तर कर्जमाफीच्या मर्यादेला दहा हजार कमी पडतात, आणि तोच माणूस मेला तर किंमत जवळपास निम्म्यावर येते. हा हिशेब कोणी मुद्दाम जुळवला असेल असं मला वाटत नाही. पण शेतीच्या अर्थकारणावरचं इतकं नेमकं भाष्य मी अलीकडे कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही.

कायद्याच्या डोळ्यानं पाहिलं, तर ते पत्रच गुन्हा ठरतं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीनंतर पैशाच्या बदल्यात अवयव देऊ करणाऱ्यालाही किमान पाच वर्षं कैद आणि किमान २० लाख रुपये दंड सांगितला आहे. दरफलकाच्या दहापट. तो दंड भरायचा तर आणखी कर्ज काढावं लागेल, आणि बँक सिबिल बघून परत पाठवील.

आता दुसऱ्या गोरेगावकडे जाऊ. हिंगोलीहून पाचशेहून अधिक किलोमीटरवर, मुंबईच्या गोरेगाव पूर्वेला, आरेच्या झाडीला लागून असलेल्या टेकडीवर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये ती उभी केली, पुढे तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विकास, विषमता, दारिद्र्य हेच तिचं काम. तिथल्या श्रीजित मिश्र या अभ्यासकानं जानेवारी २००६ मध्ये राज्य सरकारला महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल सादर केला. सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यानं ऐंशी-नव्वद हजारांत यकृत द्यायची भाषा करावी, याची सगळी कारणं त्या अहवालात सतरा-अठरा वर्षं आधीच लिहून ठेवलेली आहेत.

मिश्रांनी आधी मोजणी नीट केली. ‘इतके शेतकरी गेले’ एवढं सांगून भागत नाही, कारण शेतकऱ्यांची संख्याच मोठी आहे. म्हणून दर एक लाख पुरुष शेतकऱ्यांमागे किती, हे त्यांनी काढलं. महाराष्ट्रात १९९५ मध्ये हा दर १५ होता. २००४ मध्ये तो ५७ झाला. नऊ वर्षांत जवळजवळ चौपट. मग वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतल्या १११ घरांत प्रत्यक्ष जाऊन चौकशी झाली, आणि त्याच भागातल्या आत्महत्या न झालेल्या घरांशी तुलना केली गेली. यातला वाशीम जिल्हा हिंगोलीला खेटून आहे. जमीन तीच, पीक तेच, सोयरीकही तिकडेच.

त्या १११ घरांपैकी सुमारे ८७ टक्के कर्जात होती. ७४ टक्के घरांची आर्थिक पत आधीपेक्षा घसरलेली होती. निम्म्याहून अधिक माणसांनी आपली अडचण कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. तिसऱ्या हिश्श्याच्या वर बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नाचं ओझं होतं. पुढे दारू, आजारपण, पीक बुडणं. एकेका घरात यातली चार-पाच कारणं एकत्र नांदत होती. म्हणून ‘दारूमुळे मेला’ किंवा ‘नुसत्या कर्जानं मेला’ ही दोन्ही वाक्यं त्या अहवालासमोर लंगडी पडतात. गावच्या पारावर आणि विधानसभेत आपण मात्र अजून त्याच दोन वाक्यांवर भांडतो.

त्याच अभ्यासातली कृषी सेवा केंद्रांबद्दलची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कृषी विद्यापीठं आणि कृषी खात्याची माणसं बांधावरून मागे हटली, तशी सल्ल्याची गादी दुकानदाराकडे गेली. बियाणं तोच देतो, फवारणी काय करायची ते तोच सांगतो, उधारीही त्याचीच. वैद्य, औषधविक्रेता आणि सावकार अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असल्या, की रोग्याला औषध जास्तच लागणार. दुकानदार वाईट आहे असं यात म्हणायचं नाही, व्यवस्थेचा तोल तसा बसला आहे. मराठवाड्यासाठी परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याची सोयाबीनची वाणं शेतात आहेत. पण ऐन ऑगस्टमध्ये शेंगा भरताना पानं पिवळी पडली, तर शेतकरी परभणीला जात नाही, मोबाइलमध्ये फोटो काढून दुकान गाठतो.

मिश्रांच्या आधी वर्षभर, मार्च २००५ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच अहवाल ठेवला होता. आत्महत्यांबद्दलच्या जनहित याचिकेत न्यायालयानंच या संस्थेला चौकशी करायला सांगितलं होतं. अजय दांडेकर, शहाजी नरवडे, राम राठोड ही नावं त्या अहवालावर आहेत. या संस्थेचं एक ग्रामीण केंद्र १९८६ पासून तुळजापूरला आहे, त्यामुळे मराठवाडा त्यांना नकाशावरून शिकावा लागला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पीक पुन्हा पुन्हा बुडतं, लागवडीचा खर्च वाढत जातो, कर्ज फिटत नाही, आणि हे सगळ्यांनाच भोगावं लागतं. पण जातो तो, ज्याला वाटतं की आता कोणतंच दार उरलं नाही. म्हणजे दारं उघडी ठेवणं हे सरकारचं काम, असा त्याचा सरळ अर्थ. न्यायालयानं विचारलं, संस्थेनं उत्तर दिलं, आणि मग राज्यानं मदतीचा अर्ज तयार केला. त्यात रकाने कोणते? घरात शेतजमीन होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. या तिन्हीत बसला तर पात्र, नाही तर अपात्र. बिनपरवाना सावकाराकडून घेतलेलं कर्ज या रकान्यात बसत नाही. मराठवाड्यात अशा कर्जाचा कागद कधी होत नाही, हे सांगायला अहवाल लागत नाही.

हा सगळा शोध विसाव्या शतकाच्या अखेरीचाही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास केला आणि १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं तो छापला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. दुसऱ्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी सगळ्या सुधारकांची पंचाईत केली. ते म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे एकरावरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारं आणि किती माणसं आहेत यावरून ठरतं. जमिनीवर माणसांचा बोजा आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे. नुसते तुकडे जोडून भागणार नाही. पिंपळे सौदागरचा प्रश्न पुढे सुटला खरा, कारण आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत. सेनगावच्या वाट्याला ते येणार नाहीत. तिथला तरुण पुण्यालाच जातो, आणि कदाचित त्याच टॉवरखाली रखवालदार म्हणून उभा राहतो.

जगातल्या विद्यापीठांनाही महाराष्ट्राचा शेतकरी अपरिचित नाही. २०१४ मध्ये केनेडी आणि किंग या ब्रिटनमधल्या दोघा अभ्यासकांनी भारतातल्या राज्याराज्यांची तुलना केली. नगदी पीक, एक हेक्टरच्या आतली जमीन आणि कर्ज या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे आत्महत्यांचा दर चढतो, आणि राज्यांमधला सुमारे तीन चतुर्थांश फरक एवढ्यावरून उलगडतो, असं त्यांना आढळलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या टॅमा कार्लटन यांनी पिकाच्या हंगामातल्या तापमानाचा आत्महत्यांशी संबंध मांडला. तीस वर्षांतल्या सुमारे ५९ हजार मृत्यूंचा धागा त्यांनी तापमानवाढीशी जोडला. यावर वाद झाले, होणारच. बीटी कापसावरून तर दोन्ही बाजूंचे अभ्यासक वीस वर्षं भांडत आहेत. या भांडणांना मी नावं ठेवणार नाही, त्यातूनच आकडे पक्के होतात. खटकते ती दुसरीच गोष्ट. ही सगळी चर्चा मेलेल्या शेतकऱ्याबद्दल आहे. जिवंत, कर्जात असलेला, दर वर्षी सोसायटीचं ‘नवं-जुनं’ करून कागदावर कर्ज फेडणारा आणि त्याच दिवशी पुन्हा उचलणारा शेतकरी आकडेवारीत ‘नियमित खातेदार’ म्हणून उभा असतो. तो अभ्यासाचा विषय व्हायला त्याला आधी मरावं लागतं, नाही तर गोरेगावकरांसारखा दरफलक काढावा लागतो.

दरफलकाबद्दलही विद्यापीठांनी बोलून ठेवलं आहे. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांना गाठलं. हा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला मूत्रपिंड विकलं होतं. त्यानंतर त्यांच्या घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं होतं. कर्जासाठी विकणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोक चौकशीच्या वेळीही कर्जातच होते. ८६ टक्के लोकांची तब्येत खालावली होती. दुसऱ्यानं असं करावं का, असं विचारल्यावर ७९ टक्क्यांनी नको म्हणून सांगितलं. म्हणजे अवयव गेला, अंगमेहनतीची ताकद गेली आणि कर्ज जागच्या जागी.

बर्कलीचेच मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन १९९० च्या दशकात चेन्नईच्या अशाच वस्त्यांत हिंडले. त्यांनी सांगितलेलं त्याहून भयंकर आहे. एकदा का वस्तीत मूत्रपिंडाला भाव असल्याचं ठाऊक झालं, की सावकार ते तारण समजूनच कर्ज देऊ लागतो आणि वसुलीही त्याच हिशेबानं करतो. एकानं विकलं म्हणून दुसऱ्यालाही विकावं लागतं. हे चेन्नईचं म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ च्या डिसेंबरात अकोल्यात मूत्रपिंड विक्रीची टोळी उघडकीला आली, तेव्हा कर्जबाजारी गरिबांना सावकारीच्या जाळ्यातून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. अकोला हिंगोलीपासून बसनं काही तासांवर आहे. गोरेगावचं पत्र वाचताना ज्यांना हसू आलं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग कर्ज होतं कशानं? सेनगाव भागात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्वारी, मूग, उडीद मागे हटत गेले आणि सोयाबीन पसरलं. कमी दिवसांत, रोख पैसा देणारं पीक. पण सोयाबीन तेलबिया म्हणून ओळखलं जात असलं, तरी त्याच्या दाण्यातून तेल निघतं अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी पेंड. त्या पेंडीचं गिऱ्हाईक कोंबडीपालन आणि निर्यात, तेलाचा स्पर्धक इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल आणि अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल. म्हणून हिंगोलीच्या मोंढ्यातला भाव शिकागो आणि दिल्ली मिळून ठरवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलमागे १० हजारांच्या घरात गेला. लगेच केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला वाट दिली, डिसेंबरात वायदे बंद झाले. शेतकऱ्याचं नवं पीक बाजारात आलं तेव्हा भाव खाली. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, आणि त्या काढणीच्या हंगामात बाजारात त्याच्या कितीतरी खाली सोयाबीन विकलं गेलं. जागतिक न्यायाची पुस्तकं आफ्रिकेतल्या कापूस उत्पादकांवरच्या अन्यायाचा दाखला देतात. आपल्या सोयाबीनवाल्याचं प्रकरण त्यात यायला हवं. त्याच्यावर अन्याय करायला अमेरिकेचं अनुदान लागत नाही, आपल्याच सरकारची एक अधिसूचना पुरते.

२०२३ चा खरीप तर चहूकडून कोसळला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा. मग पांढऱ्या माशीनं पिवळा मोझॅक आणला आणि ऐन शेंगा भरायच्या वेळी शिवारं पिवळी पडली. एक रुपयात पीकविमा त्याच हंगामात सुरू झाला होता. २५ टक्के अग्रिमावरून कंपन्या आणि प्रशासन यांची महिनोन्‌महिने ओढाताण चालली. ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पंधरा जिल्ह्यांच्या त्या यादीत हिंगोलीचा एकही तालुका नव्हता. ‘ट्रिगर’ लागला नाही, असं त्याला म्हणतात. नंतर शेकडो महसूल मंडळांची आणखी एक यादी निघाली, पण पहिल्या यादीनंतर तीन-चार आठवड्यांतच गोरेगावचं पत्र मुंबईला पोचलं होतं.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली, तर प्रोटॉनहूनही कितीतरी लहान असं अंतर ती मोजेल. ती व्हावी, लवकर व्हावी, मला तिचा अभिमानच वाटेल. पण त्याच जिल्ह्यात एखाद्या गावाचं पीक किती बुडालं, हे अख्ख्या मंडळातल्या एका पर्जन्यमापकावरून आणि थोड्या पीककापणी प्रयोगांवरून ठरतं, हेही तितकंच खरं. मंडळात पाऊस पडला म्हणजे तुमच्या शिवारात पडला, असं धरलं जातं.

या सगळ्यात एक माणूस कायम रकान्याबाहेर राहतो. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ महिलांशी बोलून पाहिलं. सुमारे ४० टक्के महिलांच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती. एक तृतीयांश महिलांना आपण पेन्शनला हक्कदार आहोत हेच माहीत नव्हतं. निंदणी, वेचणी, सोंगणी करणारी बाई सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती गेली तर शेतकरी आत्महत्येच्या मदतीत ती सहसा ‘शेतकरी’ धरली जात नाही. नवरा गेला तर कर्ज मात्र तिच्या दारात येतं.

सरकारी यंत्रणेला हे कळत नाही असं नाही. २०२३ मध्येच मराठवाड्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी लाखो शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण करवलं. १ लाखाहून अधिक शेतकऱ्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येतो, असं त्यातून पुढे आलं. त्यांनी तेलंगणाच्या धर्तीवर दर हंगामाला एकरी १० हजार रुपये पेरणीआधी द्यावेत अशी शिफारस केली आणि त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शिफारस फाइलमध्ये राहिली. त्या वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं देशभरात शेतीशी संबंधित १०,७८६ आत्महत्या नोंदवल्या, त्यातल्या ३८ टक्क्यांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या.

तेव्हा आता आणखी एक ‘कारणांचा शोध’ नको. कारणं १९१७ पासून छापून तयार आहेत. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून आहे, हिंगोली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. त्याच्या अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांत गावोगावच्या शेतकऱ्यांची मुलंमुली शिकतात. त्यांनी आपापल्या गावातल्या काही घरांची पेरणी ते पट्टी अशी वही दर वर्षी लिहावी. बियाण्याची बॅग केवढ्याला, दुकानाची उधारी किती, फवारण्या किती, एकरी उतारा किती, मोंढ्यात भाव काय मिळाला, विमा आला की नाही, बँकेनं खात्याला होल्ड लावला की नाही. आणि त्यावरून प्रबंध लिहायच्या आधी ती वही मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावी, चुका तिथल्या तिथे दुरुस्त व्हाव्यात. परभणीच्या विद्यापीठानं फोटो पाहून चोवीस तासांत उत्तर देणारा माणूस प्रत्येक मंडळाला नेमावा, म्हणजे सल्ला आणि उधारी यांची गाठ सुटेल.

आणि विधिमंडळानं एवढंच करावं. टाटा संस्थेच्या २००५ च्या, मिश्रांच्या २००६ च्या आणि केंद्रेकरांच्या २०२३ च्या अहवालातल्या प्रत्येक शिफारशीपुढे ‘केली’, ‘केली नाही’ आणि ‘का केली नाही’ असे तीन रकाने भरून तो कागद सभागृहाच्या पटलावर ठेवावा. हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात नागपूरला भरतं. आपल्या आमदाराला हा कागद मागायला एक पोस्टकार्ड पुरतं.